तलवारीला पंचामृत घालावं का? (आणि रक्ताचं काय?)

ओवरी

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बाबा गेल्या माघात गेले. गावचा वाडा (वाडा म्हणायची सवय म्हणून, आता दोन खण आणि एक भिंत उरलीय, खटाव तालुका) काकांनी उतरवायला काढला आणि देवघरातली तलवार माझ्याकडे पुण्याला आली. खरं म्हणजे आली नाही, मी आणली. चुलतभाऊ म्हणत होते की ती घराण्यातल्या पुरुषाकडे राहावी, बाईने म्यानातून काढू नये, विटाळाचं घर, सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट वगैरे. बाबांना मी एकटीच. शेवटी काकूच म्हणाली, "घेऊन जा गं, इथं उंदरं म्यान खातायत."

तर ती आता माझ्याकडे धडप्यात गुंडाळून दिवाणात आहे. पातं सरळ, पावणेतीन फुटांच्या आसपास. मूठ लोखंडी, तिच्या कटोरीवर चांदीची वेलबुट्टी होती म्हणतात, आता फक्त खाचा दिसतात. पात्यावर कुंकवाचे थरावर थर, आणि मुठीपासून चार बोटांवर नखाएवढा खोल काळा डाग. बाकी गंज वरवरचा आहे, तिथे मात्र खड्डाच पडलाय.

आमच्याकडे खंडेनवमीला ती बाहेर निघायची. बाबा पाटावर ठेवून पंचामृत घालायचे, मग शुद्धोदक, हळदकुंकू, झेंडूची माळ. संध्याकाळी म्यानात घालण्याआधी करंगळी पात्याला टेकवून रक्ताचा एक थेंब द्यायचे. "रक्त बघितल्याशिवाय ती आत जात नाही." आजोबाही तेच करायचे. लहानपणी मी त्या वेळी परसात पळून जायची.

आता नवरात्र तीन आठवड्यांवर आलंय. पंचामृत घालू की नको? करंगळीचं काय करू? बाईने करावं की नाही, हे विचारत नाहीये, मी करणार आहे. पण रीत मोडायची तर निदान कळून मोडावी, म्हणून हा खटाटोप.

चहाबिस्कीट

फोटो टाका ताई. फोटोशिवाय धागा म्हणजे फोडणीशिवाय आमटी.

डावा कालवा

तेल लावा. विषय संपला.

धारवाला

ताई, आधी एक करा. दिवाणातनं काढा आन म्यानातनंबी काढा. आजच्या आज.

आमचं घराणं शिकलगार. सैकल म्हंजे घासूनपुसून चकाकी देणं, त्यावरनं शिकल, शिकलगार. पणज्यापर्यंत तलवारी, कट्यारी, आजा आणि बाप कात्र्या-अडकित्ते, मी कारखान्यात टूल-ग्राइंडर. म्हणून सांगतो.

म्यान आतनं लाकडाचं, वरनं कातडं नाहीतर मखमल. पावसाळाभर लाकूड दमट हवा पितं आन पात्याला चिकटून बसतं. जुनी तलवार म्यानात ठेवणं म्हंजे ओल्या कपड्यात लोखंड गुंडाळणं. म्यान वेगळं, तलवार वेगळी ठेवायची.

दुसरं, पाणी, दूध, दही, मध कायबी घालायचं नाही. दह्यात आंबट, मधात साखर, साखर पाणी धरून ठेवती. वर परत पाणी घालून "शुद्ध" करता, ते पाणी मुठीत शिरतं. मूठ पात्याला सहसा खिळ्यानं बसवत नाहीत, लाख-राळ वितळवून आत पात्याची शेपटी बसवलेली असती. आत ओल गेली की शेपटी आतल्या आत सडती. एक दिवस मूठ हातात आन पातं पायावर.

तिसरं, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, काचकागद, वायरची घासणी, यातलं कायबी लावू नका. जुन्या चांगल्या पोलादात पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असती, जौहर म्हणत्यात तिला. काचकागद मारला की तुम्हाला चकचकीत पट्टी मिळंल, तलवार जाईल.

शिवणयंत्राचं तेल आणा. सुती कापड. कुंकवाच्या थरावर तेल घालून दोन दिवस मुरू द्या, मग बांबूच्या काडीनं हळूच खरवडा. गोडेतेल नको, चिकट होतं. खोबरेल थंडीत थिजतं आन खवट होतं.

देवाचं काय ते तुम्ही बघा. लोखंडाचं मी सांगितलं.

चहाबिस्कीट

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आमच्या घरचा अडकित्ता आठवला.

सनावळी

धारवाले, तुमच्या प्रतिसादावरून बरेच दिवस डोक्यात असलेली एक गोष्ट मांडतो.

खंडेनवमी कधी येते बघा. आश्विन शुद्ध नवमी. चार महिने पाऊस, नद्यांना उतार नाही, घोडी पागेत, माणसं शेतात, हत्यारं शिलेखान्यात. दुसऱ्या दिवशी दसरा, सीमोल्लंघन, म्हणजे मोहिमेचा हंगाम सुरू. मधल्या नवमीला काय करायचं? चार महिने दमटात पडलेलं प्रत्येक हत्यार बाहेर काढायचं, पुसायचं, धार बघायची, तेल द्यायचं, मूठ हलते का पाहायचं. पूजा ही त्या दिवशीची हजेरी होती. ज्याचं हत्यार पाटावर नाही त्याची लबाडी सगळ्यांसमोर उघडी.

विराटपर्वातली गोष्टही तीच सांगते. पांडवांनी अज्ञातवासाआधी शस्त्रं शमीवर ठेवली, म्हणजे झाडावर बांधून ठेवली, जमिनीत पुरली नाहीत. वर्षानं काढली तेव्हा ती लगेच चालवायच्या अवस्थेत होती. ही शस्त्रं सांभाळण्याची गोष्ट आहे असं माझं मत. इतरांचं वेगळं असू शकतं, आणि असेलच.

पुढे लढाया संपल्या, तलवारी देव्हाऱ्यात गेल्या. देव्हाऱ्यात गेलेल्या वस्तूला आपण जे मूर्तीला करतो तेच करायला लागलो. दगड-पितळेला पंचामृत चालतं, पोलादाला चालत नाही. तलवारीची पूजा मूर्तिपूजेच्या वळणावर गेली आणि तलवारी गंजल्या. ओवरीताईंचे खापरपणजोबा पंचामृत घालत असतील असं मला वाटत नाही.

ओवरी

सनावळी, धारवाला, दोघांचेही खूप आभार. तलवार म्यानातून काढून कपाटावर ठेवलीय. आई म्हणाली, "अगं, रक्त न देता बाहेर?" मी म्हटलं, बाहेर काढायला नाही, आत घालायला लागतं. आई गप्प.

तुमचं वाचून एक आठवलं. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक. खंडेनवमीला आगारात पाने, जॅक, पंप सगळ्याची पूजा असायची. घरी आणलेले त्यांचे स्वतःचे पाने आदल्या रात्री तेलाच्या फडक्याने एकेक पुसून कापडावर ओळीत मांडायचे, १०-११, १२-१३, १४-१५. पान्यांना त्यांनी पंचामृत कधी घातलं नाही. घालताय का विचारलं असतं तर वेड्यात काढलं असतं मला.

रोखठोक नाना

धागा छान चालला आहे, त्यात मीठ टाकतो. तलवार ही माणूस कापायला बनवलेली वस्तू आहे. पान्याने नट सुटतो, विळ्याने गवत कापलं जातं, तलवारीने काय होतं? तिला हळदकुंकू वाहून, झेंडू घालून आपण हेच विसरतो. ओवरीताईंच्या तलवारीने कुणाला मारलं असेल त्याच्या घरी कसली नवमी?

आणि पावित्र्य वस्तूत असतं म्हणता, तर मग साताऱ्याचं काय? जलमंदिर राजवाड्यातल्या भवानी तलवारीची दसऱ्याला पालखी निघते, पोवई नाक्यावर पूजा होते, लोक डोकं टेकवतात. त्याच तलवारीवर "सरकार राजा शाहू कदीम अव्वल" असा लेख आहे. म्हणजे ती शाहूंची, शिवाजी महाराजांची नव्हे. लंडनला राजघराण्याच्या संग्रहात जी आहे ती जगदंबा, कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींकडून १८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली. आणि २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा ज्या लंडनच्या संग्रहालयाने ती तीन वर्षांसाठी दिली, तेच म्हणत होतं की ही अफजलखानाच्या वेळचीच याला पुरावा नाही. रांगा लागल्याच ना? मग पावित्र्य नेमकं कशात आहे, पोलादात की पाटीत?

सनावळी

नाना, पहिल्या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडे. दुसऱ्याला आहे.

परमानंदांचं शिवभारत हे समकालीन काव्य. त्यात अफजलखानाच्या प्रसंगी भवानी महाराजांना दर्शन देऊन सांगते की मी तुझी तलवार होऊन राहिले आहे. "मी तुला तलवार देते" असं ती म्हणत नाही. देवीच्या हातून तलवार मिळाल्याचं चित्र आपण कॅलेंडरवर पाहत आलो, पण काव्यातली कल्पना वेगळी आहे. तलवार हातात आधीपासून आहे, देवी तिच्यात येऊन राहते. हे मान्य केलं तर कुठली तलवार "खरी" हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याचा, भक्ताचा नव्हे. शाहूंच्या तलवारीत ती राहू शकत नाही असं कोण म्हणतं?

मला स्वतःला त्या लेखाची पाटी तिथे शेजारी असावी असं वाटतं. पालखीही असावी.

भंडारा

येळकोट येळकोट जय मल्हार! खंड्याचा विषय निघाला आणि जेजुरी नाही असं कसं. आमच्या देवाचं नावच खंड्यावरून पडलं म्हणतात.

गडावरचा खंडा ४२ किलोचा. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी वाहिलेला. दसऱ्याच्या रात्री गडावरची पालखी आणि कडेपठारची पालखी डोंगराच्या कुशीत रमण्यात भेटतात, देवाच्या आरशात देव बघतात, शोभेची दारू उडते, आणि उजाडता उजाडता पालखी गडावर परत आली की खंडा उचलायच्या स्पर्धा. एका हाताने आडवा धरून जास्त वेळ कोण उभा राहतो ते, आणि दातात धरून कसरती.

मी तीनदा उतरलोय. दोनदा काहीच झालं नाही, तिसऱ्यांदा मनगट. बाहेरून वाटतं की जोर दंडात लागतो. नाही. मूठ हातात आली की पहिल्या काही सेकंदांत टोक खाली खेचायला लागतं आणि तुमचं बोट न् बोट उघडायला लागतं. शेजारचे "जय मल्हार" ओरडतात ते ऐकूच येत नाही, फक्त घामाने ओला झालेला भंडारा हातात चिकट लागतो. आणि मग लक्षात येतं की हे हत्यार कुणी चालवावं म्हणून बनवलंच नव्हतं. माणूस कापायला इतकं वजन कशाला? देवाला वाहायला बनवलं. नाना, ही घ्या तुम्हाला रक्त न लागलेली तलवार.

रोखठोक नाना

ही आवडली. मनगट कसं आहे आता?

भंडारा

पावसाळ्यात सांगतं.

निवृत्त सुभेदार

रक्ताच्या थेंबाबद्दल. ही समजूत सगळ्यात जास्त खुकरीबद्दल ऐकू येते. बाहेर काढली की रक्त लागल्याशिवाय आत जात नाही. आमच्या शेजारच्या छावणीत गोरखा पलटण होती. एका हवालदाराला विचारलं. तो खुकरीने कांदा चिरत होता. म्हणाला, साहेब, रोज शंभर वेळा बाहेर काढतो, लाकूड फोडतो, डबा उघडतो, प्रत्येक वेळी रक्त दिलं असतं तर पलटण हॉस्पिटलात असती. पण हेही म्हणाला की गावाकडच्या पाहुण्याने विचारलं तर मी "हो" सांगतो, नाहीतर पोरं हात लावतात.

या समजुतीचं काम एवढंच असावं, उगाच तलवार उपसू नये. घरात लहान मुलं, भांडणं, दारू. "काढलीस तर रक्त द्यावं लागेल" हे कुलुपापेक्षा पक्कं.

शस्त्रपूजा आमच्याकडे दसऱ्याला रीतसर होते, रायफलीपासून तोफांपर्यंत. पण आदल्या दिवशी सफाई आणि इन्स्पेक्शन. नळीत गंज दिसला तर कुंकू लावून सुटका नाही.

गोदातीर

नांदेडहून. आमच्याकडे हजूर साहिब गुरुद्वारात (शिखांचं तख्त) शस्त्रांना पाणी लागतं, म्हणून लिहितोय.

गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथेच ज्योतीज्योत समावले (त्यांनी देह ठेवला). तख्ताच्या आतल्या भागात, अंगीठा साहिबमध्ये, त्यांची आणि इतर शस्त्रं मांडलेली असतात. संगतीला शस्त्रांचं दर्शन घडवतात, एकेक उचलून, नाव घेऊन. दिवाळीच्या आधी तख्त स्नान असतं. गोदावरीचं पाणी घागरींनी भरून आणतात, रांगच्या रांग, आणि तख्त आणि शस्त्रं धुतात. मी शीख नाही, पण लहानपणापासून बघतोय. पाणी घातल्यावर लगेच पुसणारे हात जास्त असतात, हे तेव्हा कधी लक्षात घेतलं नव्हतं. धारवाल्यांचं वाचून आठवलं.

शिखांची अरदास, म्हणजे प्रार्थना, सुरू होते तीच भगौतीच्या स्मरणाने, आणि भगौती म्हणजे तलवारही. नाना, तिथे तलवार देवाची निशाणी म्हणून आहे, आणि "दुबळ्याच्या रक्षणाला" ही अट तिच्यासोबतच येते. अट विसरली जाते, हे तुमचं म्हणणं खरं असेल. पण ती तिथे आहे.

वकिली चष्मा

कुणीच विचारलं नाही म्हणून मीच विचारतो. ओवरीताई, परवान्याचं काय? १९५९च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत तलवार, भाला, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं एका वर्गात येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, म्हणजे कोयता चालतो. तलवारीला कुठे परवाना लागतो हे त्या भागासाठी सरकारने काय अधिसूचना काढली आहे त्यावर ठरतं. तेव्हा ओळखीच्या वकिलाला दाखवून, वारसाने आलेली आहे असं लेखी करून ठेवा. आणि कृपया वाढदिवसाला केक कापू नका. दर आठवड्याला एक तरी असला बहाद्दर बातम्यांत असतो, फोटो स्वतःच टाकतो आणि गुन्हाही स्वतःच ओढवून घेतो.

घटनेच्या २५व्या अनुच्छेदात कृपाण बाळगणं हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचा स्वतंत्र खुलासा आहे. शस्त्राचं पावित्र्य थेट घटनेत आलेलं हे एक उदाहरण. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

कावेरीकाठ

कायद्याचं निघालंच आहे तर: माझं सासर कोडगूचं, म्हणजे कूर्गचं (मी मूळची सोलापूरची). तिथल्या कोडवा लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्द असतो. भाताची लावणी चालू असेतो बंदुका आणि ओडिकत्ती (रुंद वाकडं पातं, पाठीवर अडकवतात) घरातल्या पूजेच्या खोलीत ठेवून दिलेली असतात. लावणी संपली की काढायची, साफ करायची, ओळीत मांडायची, गंध लावायचं आणि नळीत फूल खोचायचं. कुठलं फूल? तोकपू. तोक म्हणजे बंदूक. ते फूल म्हणजे आपली कळलावी! लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी. माझी आई आली होती एकदा, ती हात लावेना. "घरात कळलावी आणतात का कुणी, भांडणं लागतात." सासूबाई म्हणाल्या, बंदूक घरात चालते आणि फूल चालत नाही?

पूजा झाली की नारळावर नेम. मी पहिल्याच वर्षी नारळ चुकवून फांदी पाडली.

सनावळींचं हंगामाचं म्हणणं तिथे तंतोतंत लागू पडतं. लावणीपुरती विश्रांती, मग सफाई, मग शिकार.

विषुववृत्त

चार वर्षं जावामध्ये होतो. तिथे क्रिस म्हणून खंजीर, नागमोडी पातं, वळणं नेहमी विषम. २००५ मध्ये युनेस्कोने गौरवलेला वारसा. त्यांच्या सुरो महिन्यात, म्हणजे वर्षाच्या पहिल्या महिन्यात, घरोघरी क्रिस धुतात, जामासान म्हणतात. आणि धारवाले, दचकू नका, लिंबाच्या रसाने धुतात! मग सोमलाचं पाणी चढवतात, त्याने पात्यातली नक्षी काळ्यावर चंदेरी उठते. शेवटी चंदनाचं किंवा मोगऱ्याचं सुगंधी तेल. आमच्या घरमालकांचा क्रिस हातात घ्यायला मिळाला नाही, वास तेवढा मिळाला.

धारवाला

दचकलो न्हाई. लिंबू मारून सोमल चढवणारा माणूस वर्षानुवर्षं तेच करतो, कुठं थांबायचं त्याला कळतं. ताईंनी यूट्यूब बघून करायचं न्हाई, एवढंच. सोमल म्हंजे विष हाय.

माजघर

माझं वय बहात्तर. तलवार आमच्याकडे कधी नव्हती, त्यामुळे माझं म्हणणं विळीचं.

विळी ओलांडायची नाही. काम झालं की उघडी, उभी ठेवायची नाही, पातं मिटून भिंतीकडे तोंड. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं. खंडेनवमीला विळी चालवायची नाही, भाज्या आदल्या दिवशी चिरून ठेवायच्या, विळीला हळदकुंकू. पाचवीला सटवाईच्या पूजेत विळा हवा, बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं. लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात कट्यार, टोकाला लिंबू. हे सगळं बायकांनीच सांभाळलं ना? मग तलवारीला बाईने हात लावू नये हे कुठून आलं?

आणि ओवरी, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन ये. अठरा हात, हातोहात शस्त्रं. देवीमाहात्म्यात सगळे देव आपापली शस्त्रं तिला देतात, तलवार आणि ढाल काळाने दिली. एकाही देवाने "बाईने म्यानातून काढू नये" असं म्हटलेलं नाही. तुझ्या चुलतभावांना हे माझ्या नावाने सांग.

नाना, तुम्हाला: आपण विळीला नमस्कार करतो तो ती चांगली म्हणून नाही करत. ती कापते म्हणून करतो.

रोखठोक नाना

आज्जी, हे वाक्य मी चोरणार आहे. पण तलवारीबद्दल माझं मत तेच आहे.

माजघर

असू द्या की.

धारवाला

ताई, एक इचारतो. तुमचे वडील करंगळी नेमकी कुठं टेकवायचे?

ओवरी

मी परसात पळायची ना. आईला विचारून सांगते.

ओवरी

आई म्हणाली, "मुठीच्या खाली, चार बोटांवर. तुझे आजोबाही तिथंच. तिथं धार कमी असते, खोल कापत नाही."

धारवाला, तुम्ही हे का विचारलंत ते मला आत्ता लिहिताना कळलं.

धारवाला

व्हय. रक्तात मीठ असतं. एक थेंब लावायचा, न पुसता म्यानात घालायचा, वर्षभर बंद. परत पुढच्या वर्षी त्याच जागी. बाकीच्या पात्यावर वरवरचा गंज आन तिथंच खड्डा, म्हणून शंका आली. तुमच्या पहिल्याच पोस्टीत होतं, पण आधी तेलाचं सांगणं गरजेचं होतं.

काढायचा असंल तर निघंल. पुण्यात जुनी हत्यारं नीट करणारी माणसं हायेत. थोडं पातं पातळ होईल तिथं.

डावा कालवा

मी "तेल लावा, विषय संपला" लिहिलं होतं. मागे घेतो.

ओवरी

खंडेनवमी झाली. वृत्तांत देते, फोटो आईने काढू दिले नाहीत. चहाबिस्कीट, माफ करा.

कुंकू दोन रात्री तेलात मुरवलं. बांबूच्या काडीने निघताना पापुद्रे निघत होते, वरचा गुलाबी, खालचा तांबडा, सगळ्यात खालचा जवळजवळ काळा. तिसऱ्या थराखाली, पात्याच्या मधोमध, समोरासमोर दोन अर्धचंद्र कोरलेले निघाले, कडेला विळ्यासारखे दाते, टोकांशी ठिपके. दोनशे-तीनशे वर्षं ज्याला कुंकू लावत होतो त्याच्याखाली हे.

पाटावर तलवार, शेजारी बाबांचे पाने, आईची विळी, माझा लॅपटॉप. पंचामृत वाटीत वेगळं दाखवलं आणि आम्हीच प्यायलो. तलवारीला कोरडं हळदकुंकू, तेही मुठीलाच. झेंडूची माळ पाटाभोवती.

करंगळीचं म्हणाल तर, ती आत जाताना रक्त लागतं आणि धारवाल्यांनी म्यानात घालायचीच नाही असं सांगितलंय. त्यामुळे तो प्रश्न निकालात. आई म्हणाली, ही पळवाट आहे. मग स्वतःच म्हणाली, चांगली आहे.

धाकट्या चुलतभावाने व्हिडिओ कॉल केला. आधी इकडचं तिकडचं, मग "ताई, जरा मूठ दाखव ना जवळून". बराच वेळ बघत होता.

सनावळी

ते अर्धचंद्र म्हणजे युरोपातल्या पात्यांवरची खूण! अशी पाती समुद्रामार्गे यायची, आपल्याकडे त्यांना इथली मूठ बसवायचे, तीच फिरंग. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आणली, तीही युरोपीय पात्याची, आणि तिच्यावर देवनागरीत नावासोबत "फिरंग" असं लिहिलेलंच आहे.

धारवाला

थांबा सनावळी. ती खूण इथले लोहारबी मारायचे. गिऱ्हाईक फिरंगी पातं मागायचं, मग लोहार चंद्र ठोकायचा. हातात घेतल्याबिगर सांगता येत न्हाई. एवढ्यात ठरवायचं न्हाई.

रोखठोक नाना

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा डुप्लिकेट ब्रँड? ओवरीताई, ही तलवार मला आवडायला लागली आहे.

माजघर

डागाचं काय केलंस ते लिहिलं नाहीस.

ओवरी

ठेवलाय, आज्जी. बाकी पातं पुसलं, तिथे फक्त तेल लावलं.

धारवाला

डागावर जास्त तेल ठेवा, खड्ड्यात मुरायला येळ लागतो. आठ दिवसांनी पांढऱ्या कापडानं पुसून बघा. कापडाला तांबडं लागलं तर आत अजून चालू हाय, कळवा.

ओवरी

आज पाहिलं. लागलं, थोडंसं.

धारवाला

मग परत तेल.